गॅस स्प्रिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिकी, पलंग, कपाट, खुर्ची, यंत्राचं झाकण अशा अनेक ठिकाणच्या गॅस स्प्रिंगबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘स्प्रिंग खराब निघाली’ अशा तक्रारींमध्ये बऱ्याचदा स्प्रिंग धडधाकट असते. निवड, बसवण्याची जागा किंवा दिशा चुकलेली असते. म्हणून हिशेब आणि बसवणूक यांवरची उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत.

१. गॅस स्प्रिंग म्हणजे नेमकं काय? डिकीचा शॉकअप म्हणतात तीच का?

हो, तीच वस्तू. गॅस स्ट्रट, गॅस लिफ्ट, शॉकअप ही सगळी बोलण्यातली नावं आहेत. बंद नळीत जास्त दाबाने भरलेला वायू दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो आणि त्या जोरावर झाकणाचं वजन पेललं जातं. वीज लागत नाही, पंप लागत नाही.

‘शॉकअप’ या नावामुळे एक घोळ मात्र होतो. गाडीच्या चाकाजवळचा शॉक अॅब्सॉर्बर वेगळा. त्याचं काम हेलकावे शमवणं, वजन पेलणं नव्हे. काही शॉक अॅब्सॉर्बरमध्येही नायट्रोजन असतो, पण तो तेलात फेस होऊ नये म्हणून. गाडीचा भार तिथे वेगळी स्प्रिंग घेते. वायूवरच गाडी तोलण्याची पद्धतही आहे. १९५५ साली आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीत नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेल यांवर सगळं सस्पेन्शन चालत होतं. या पानावर मात्र झाकणं, खुर्च्या आणि यंत्रं यांतल्या स्प्रिंगांचाच विचार केला आहे.

२. तिच्या आत काय काय असतं?

पोलादी नळी, तिच्यात सरकणारा पिस्टन, पिस्टनला जोडलेला गुळगुळीत दांडा, दांडा बाहेर येतो त्या तोंडाशी सील आणि दांडा सरळ ठेवणारा गाइड. नळीत नायट्रोजन आणि थोडंसं तेल. दोन्ही टोकांना आटे असतात. त्यांवर बॉल सॉकेट, डोळा किंवा दुपाखी जोड बसतो.

पिस्टनला बारीक छिद्र किंवा खाच असते, तिच्यातून वायू इकडून तिकडे जातो. छिद्र बारीक असलं की दांडा सावकाश बाहेर येतो, मोठं असलं की झपकन. म्हणजे झाकण किती वेगाने उघडणार हे छिद्र ठरवतं. किती वजन उचललं जाणार हे ठरवणारी गोष्ट वेगळी आहे, ती पुढच्या उत्तरात.

३. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना वायूचा दाब सारखाच असतो, मग दांडा बाहेर का येतो?

दाब सारखा असला तरी तो ज्या क्षेत्रफळावर पडतो ते सारखं नाही. पिस्टनच्या मागच्या बाजूला दाब पूर्ण गोलावर पडतो. पुढच्या बाजूला दांड्याने अडवलेला भाग वजा होतो. उरतो तो फरक दांड्याच्या जाडीएवढा. म्हणून सूत्र साधं आहे:

जोर = आतला दाब × दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ

८ मिमी दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे ५०.३ चौ. मिमी. स्प्रिंगचा जोर ४०० न्यूटन असेल, तर आतला दाब ४०० ÷ ५०.३ = जवळपास ८ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजे ८० बार. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार असतो. स्प्रिंग कापू नका, तापवू नका असं पुढे वारंवार म्हटलं आहे ते या आकड्यामुळे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. बाहेरून नळी जाड दिसते म्हणून स्प्रिंग जास्त ताकदीची असेल असं नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक १५० न्यूटनची आणि दुसरी ६०० ची असू शकते.

४. नायट्रोजनच का? साधी हवा भरली तर चालत नाही का?

हवेत ऑक्सिजन आणि ओलावा असतो. जास्त दाबाखाली ऑक्सिजन तेल आणि रबरी सील खराब करतो, ओलावा आतून गंज आणतो. शिवाय तेलाची वाफ आणि ऑक्सिजन एकत्र दाबले गेले तर पेट घेण्याचा धोका असतो. कोरडा नायट्रोजन यांपैकी काहीच करत नाही, आणि हवेचा सुमारे ७८ टक्के भाग तोच असल्याने सहज मिळतो.

५. त्यापेक्षा तारेची स्प्रिंग लावली तर?

जागा असेल आणि उघडण्याचा पल्ला थोडा असेल तर जरूर लावा. ती स्वस्त पडते आणि टिकतेही. अडचण येते लांब पल्ल्याला.

एक उदाहरण. ८ मिमी दांडा, २०० मिमी स्ट्रोक (म्हणजे दांडा आत-बाहेर सरकतो तो पल्ला), ४०० न्यूटन. दांडा पूर्ण आत गेला की तो १० घन सेंमी जागा व्यापतो. बाहेर असताना वायूला ४० घन सेंमी जागा होती असं धरा. ती ३० झाली, म्हणजे दाब ४० ÷ ३० = १.३३ पट. जोर ४०० वरून ५३० पर्यंत चढला, इतकंच. या चढाच्या पटीला प्रोग्रेशन म्हणतात. साध्या गॅस स्प्रिंगांमध्ये ती साधारण १.२ ते १.४ असते.

हेच तारेच्या स्प्रिंगकडून करून घ्यायचं तर २०० मिमीमध्ये फक्त १३० न्यूटन वाढ हवी, म्हणजे फारच मऊ स्प्रिंग. पण सुरुवातीलाच ४०० न्यूटन जोर हवा असल्याने ती मऊ स्प्रिंग बसवतानाच सुमारे ६० सेंमी दाबून ठेवावी लागेल. डिकीत तेवढी जागा कुठून आणणार?

६. नळीवरचे ८/१८, २००, ४०० हे आकडे कसे वाचायचे?

८/१८ म्हणजे दांडा ८ मिमी, नळीचा बाहेरचा व्यास १८ मिमी. २०० म्हणजे स्ट्रोक, अर्थात दांडा किती मिमी आत-बाहेर जातो. ४०० न्यूटन हा जोर, बहुतेक वेळा आकड्यापुढे ‘एन’ अक्षरासह. यांखेरीज पूर्ण उघडलेली लांबी, तयार झाल्याची तारीख किंवा आठवडा आणि ‘उघडू नका, जास्त दाब’ अशी सूचना असते.

नेहमी भेटणारे आकार ६/१५, ८/१८, १०/२२ (काहींकडे १०/२३) आणि १४/२८. आकार मोठा तसा जोराचा पल्ला मोठा: ६/१५ साधारण ४०० न्यूटनपर्यंत, ८/१८ सातशेच्या आसपास, १०/२२ बाराशेपर्यंत आणि १४/२८ अडीच हजारांपर्यंत. नेमकी मर्यादा उत्पादकागणिक थोडी बदलते.

छापलेला जोर २० अंश सेल्सिअसला, दांडा बाहेर येत असताना, पूर्ण उघडण्याच्या ५ मिमी आधी मोजलेला असतो. दांडा आत ढकलताना घर्षण उलट बाजूने येतं, म्हणून हाताला जोर नेहमी जास्त लागतो.

न्यूटनचा अंदाज येत नसेल तर दहाने भागा: ४०० न्यूटन म्हणजे सुमारे ४० किलोचा भार. पण ४०० न्यूटनची स्प्रिंग ४० किलोचं झाकण उचलते असा याचा अर्थ नाही. ते बिजागरीपासूनच्या अंतरावर अवलंबून आहे (प्रश्न १०).

७. गॅस स्प्रिंगचे प्रकार किती?

झाकण उचलणारी साधी स्प्रिंग सगळ्यांत जास्त दिसते. ती दांडा बाहेर ढकलते. बाकीचे प्रकार असे:

ओढणारी स्प्रिंग दांडा आत खेचते. हिच्यात वायू फक्त दांड्याच्या बाजूला असतो आणि पिस्टनची दुसरी बाजू छिद्रातून बाहेरच्या हवेला उघडी असते. जोर पिस्टनच्या क्षेत्रफळातून दांड्याचं वजा करून मिळतो. ते छिद्र रंगाने किंवा चिखलाने बुजलं की स्प्रिंग अडखळते. यंत्रांची घडीची दारं, पट्टे ताणून ठेवणं, अशा जागी ती वापरतात.

लॉक होणारी स्प्रिंग हव्या त्या जागी थांबते (प्रश्न ८).

घर्षणाची स्प्रिंग कळ न दाबताच मध्ये कुठेही थांबते, कारण पिस्टनवरची जादा पकड थोडाफार फरक सहन करते. जोराची निवड मात्र इथे फार नेमकी लागते.

दांड्यावर संरक्षक नळी असलेली स्प्रिंग पूर्ण उघडल्यावर यांत्रिक खिट्टीने अडकते आणि नळी हाताने सरकवल्याशिवाय मिटत नाही. डोक्यावर जड झाकण असेल आणि खाली माणूस काम करणार असेल तर हीच घ्या. साधी स्प्रिंग हा सुरक्षेचा अडसर नव्हे.

डॅम्पर दिसतो तसाच, पण तो ढकलत नाही, फक्त वेग कमी करतो. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) बसणाऱ्या नायट्रोजन स्प्रिंगांचं जग वेगळं आहे, त्या प्रश्न १९ मध्ये.

८. लॉक होणारी स्प्रिंग मधेच कशी थांबते? आमची थांबतच नाही.

पिस्टनमध्येच झडप असते. पोकळ दांड्याच्या टोकाला एक पिन बाहेर आलेली असते, ती दाबली की झडप उघडते आणि वायू किंवा तेल इकडून तिकडे वाहू लागतं. पिन सोडली की दोन्ही कप्पे वेगळे पडतात आणि पिस्टन जागीच अडकतो. दोन्हीकडे वायू असेल तर भार पडल्यावर किंचित लवतो, त्याला लवचीक लॉक म्हणतात. एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना तेल असेल तर लॉक घट्ट होतो, कारण तेल दाबलं जात नाही. विमानातल्या पाठ मागे जाणाऱ्या सीट, रुग्णालयातले पलंग, उंची बदलणारी टेबलं यांत हे प्रकार दिसतात.

नवी बसवल्यावर थांबत नसेल तर आधी कळीचा जोड पाहा. पिनला फक्त १ ते २.५ मिमी हालचाल लागते. कळीचं डोकं दांड्यावर जास्त आवळलं गेलं की पिन कायमची थोडी दाबलेली राहते आणि झडप बंदच होत नाही. अर्धा-एक आटा सैल करा आणि त्याच जागी चेकनट आवळा. केबलची कळ असेल तर केबलला थोडी ढील ठेवा. एवढ्याने तक्रार मिटण्याची शक्यता बरीच.

९. ऑफिसची खुर्ची बसलं की हळूहळू खाली जाते. गॅस संपला का?

सहसा नाही. वायू आतच असतो, पण झडपेचं किंवा पिस्टनचं सील झिजून तो एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपतो. ओळख सोपी आहे. रिकाम्या खुर्चीची कळ दाबल्यावर ती जोरात वर येत असेल तर वायू आहे, लॉक गेलेला आहे. कळ दाबूनही वर येत नसेल तर वायू बाहेर गेलेला आहे. दोन्हींत नळीच बदलावी लागते. मात्र त्याआधी कळ पिनवर सतत टेकत नाही ना हे तपासा (प्रश्न ८).

बसताना खुर्ची किंचित दबते तो दोष नाही, लवचीक लॉकचा गुण आहे. किंबहुना माकडहाडाला तेवढा दिलासाच.

बदलताना: नळी पायात आणि सीटखालच्या यंत्रणेत उतरत्या व्यासाच्या घट्ट जोडाने बसलेली असते, स्क्रू नसतात. खुर्ची आडवी करा, पाय नळीपासून हातोड्याचे हलके फटके चहूबाजूंनी देत सुटा करा. यंत्रणेच्या बाजूला नळीचा बाहेरचा भाग पाइप पान्ह्याने धरून पिळा. वरच्या पिनवर कधीही फटका मारू नका. नवी नळी ठोकायची नाही. नुसती बसवा, बसल्यावर वजनाने ती आपोआप घट्ट होते.

१०. माझ्या झाकणाला किती न्यूटनची स्प्रिंग लागेल?

लागणारी माहिती: झाकणाचं वजन, गुरुत्वमध्य बिजागरीपासून किती दूर आणि स्प्रिंगची रेषा बिजागरीपासून किती दूर. शेवटचं अंतर काटकोनात मोजायचं. लोक दांड्याच्या टोकापासून बिजागरीपर्यंतचं अंतर घेतात आणि तिथेच चुकतात.

भिंतीवरच्या कपाटाचं वर उघडणारं दार घेऊ. वजन ६ किलो, उंची ४० सेंमी, पूर्ण उघडल्यावर आडवं.

वजनाचा जोर: ६ × ९.८१ = सुमारे ५९ न्यूटन. जाडी एकसारखी असल्याने गुरुत्वमध्य मध्यावर, बिजागरीपासून ०.२० मी. दार खाली फिरवण्याचा जोर, म्हणजे आघूर्ण: ५९ × ०.२० = ११.८ न्यूटन-मीटर. दार उघडं असताना स्प्रिंगची रेषा बिजागरीपासून ९ सेंमीवर आहे. लागणारा एकूण जोर: ११.८ ÷ ०.०९ = १३१ न्यूटन. दोन स्प्रिंगांत विभागला की प्रत्येकी ६५. त्यावर घर्षण, थंडी आणि पुढे होणारी घट यांसाठी १५ ते २० टक्के वाढवा, म्हणजे ७५ ते ७८. बाजारातली जवळची ८० न्यूटन.

आता तेच अंतर ९ ऐवजी ४.५ सेंमी झालं तर जोर दुप्पट, १६० न्यूटन लागेल. म्हणजे ब्रॅकेट थोडी सरकवली की सगळा हिशेब बदलतो. दाराला हँडल, काच, आरसा असेल तर गुरुत्वमध्य मध्यावर राहत नाही. दार बारीक नळीवर आडवं तोलून तो शोधा.

लांबीचाही विचार हवा. साध्या स्प्रिंगची उघडी लांबी स्ट्रोकच्या दुपटीहून जास्त असते. जोड धरून आणखी ५० ते १०० मिमी लागतात. झाकण बंद असताना ५ ते १० मिमी स्ट्रोक शिल्लक राहू द्या. दांडा आत तळाला टेकत असेल तर प्रत्येक वेळी झाकण आपटताना तो भार पिस्टन आणि ब्रॅकेट यांवर जातो.

११. स्टोरेजच्या पलंगाचं झाकण वर उचलताना सुरुवातीला जड का जातं? स्प्रिंग कमी पडते का?

कपाटाच्या दाराचं वजन उघडल्यावर सगळ्यांत जास्त जाणवतं. पलंगाच्या झाकणाचं उलट: ते बंद असतानाच आडवं असतं, त्यामुळे सगळ्यांत जड क्षण पहिलाच. आणि नेमक्या त्याच वेळी स्प्रिंग जवळजवळ आडवी पडलेली असते, तिची रेषा बिजागरीच्या जवळून जाते. जोर जास्त असूनही फिरवण्याची ताकद कमी.

आकड्यांत: फळी आणि गादी मिळून २५ किलो, लांबी १.८ मी., बिजागरी उशाकडे. आघूर्ण २४५ × ०.९ = सुमारे २२० न्यूटन-मीटर. ६०० न्यूटनच्या दोन स्प्रिंगा दाबलेल्या स्थितीत प्रत्येकी ७८० देतात. अंतर ६ सेंमी असेल तर त्यांचा वाटा सुमारे ९४. उरलेलं १२६ हाताने, म्हणजे टोकाशी ७० न्यूटन, सात किलोचा भार. ४५ अंशांवर वजनाचं आघूर्ण १५६ वर येतं, स्प्रिंगचं अंतर १५ सेंमीपर्यंत वाढतं, आणि दोन स्प्रिंगा १९५ च्या आसपास देतात. तिथून पुढे झाकण आपलं आपण वर जातं. पहिला टप्पा हाताने आणि मग स्वतःहून, हीच बरोबर रचना. पहिल्या सेंटिमीटरपासून उचलणारी स्प्रिंग लावली तर झाकण बंदच राहणार नाही.

गादी बदलली की हिशेब बदलतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाच किलोच्या गादीच्या जागी वीस किलोची आली की झाकण वर राहत नाही. उलट, गादी काढून फळी उघडली की ती सुसाट वर जाते. त्या वेळी समोर चेहरा नको.

१२. जास्त जोराची स्प्रिंग लावली तर चांगलंच ना, अधिक टिकेल?

नाही. जादा जोर बिजागरी आणि स्क्रू यांच्यावर जातो. पार्टिकल बोर्डातले स्क्रू उपटून येतात, पातळ पत्रा वाकतो, बंद दाराच्या कोपऱ्याशी फट दिसू लागते. कुलूप किंवा खिट्टी सतत ताणाखाली राहते. स्प्रिंगचं आयुष्य जोरावर नाही, सीलवर ठरतं.

१३. बसवताना दांडा वर ठेवायचा की खाली?

खाली. तेलाची दोन कामं आहेत आणि दोन्हींसाठी ते दांड्याच्या तोंडाशी हवं. एक, सील ओलं ठेवणं. कोरडं सील आकसतं आणि वायू झिरपू लागतो. दोन, उघडताना शेवटचे काही मिमी पिस्टन तेलातून गेला की झाकण धक्का न देता थांबतं. दांडा वर असेल तर तेल दुसऱ्या टोकाला जातं आणि शेवटी खाडकन आवाज येतो.

उघडताना स्प्रिंगची दिशा उलटत असेल तर काय? शेवटच्या धक्क्यासाठी उघड्या स्थितीत दांडा खाली हवा. सीलसाठी ज्या स्थितीत ती जास्त वेळ राहते, म्हणजे सहसा बंद स्थितीत, खाली हवा. दोन्ही साधत नसेल तर कुठल्याही दिशेला चालणारी स्प्रिंग मागा. तिच्यात सीलजवळ वेगळा तेलाचा कप्पा किंवा वंगणाचा फेल्ट असतो. नळीच्या आत लांब खाच असलेली स्प्रिंगही असते. तिच्यात वेग खाचेवर ठरतो, तेलावर नाही. ओढणाऱ्या प्रकाराला हा नियम लागू नाही.

साठवतानाही दांडा खालीच. वर्षभर आडवी पडलेली स्प्रिंग पहिल्यांदा दाबताना चिकटल्यासारखी अडते. एक-दोनदा पूर्ण स्ट्रोक दिला की ती मोकळी होते.

१४. डिकीची स्प्रिंग घरी बदलता येते का? कशी?

येते. दोन माणसं हवीत, किंवा एक माणूस आणि एक भक्कम लाकडी टेकू.

डिकी पूर्ण उघडा आणि टेकू लावा. फक्त स्प्रिंगवर भरवसा ठेवून दुसरी काढू नका. सॉकेटवरची तारेची क्लिप बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरने किंचित उचला. पूर्ण काढायची नाही, ती उडून हरवते. सॉकेट बॉलवरून सरळ ओढा. नवी स्प्रिंग जुनीशेजारी धरून लांबी, स्ट्रोक आणि बॉलचं माप जुळवा. बॉल बहुतेकदा १० मिमी असतो, मोठ्या स्प्रिंगांना १३ मिमी. आधी नळीचं टोक, मग दांड्याचं, ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. मग दुसरी बाजू.

दोन गोष्टी टाळा. दांडा पक्कडीने धरून फिरवू नका. एक ओरखडा पुरेसा आहे, प्रत्येक फेरीत तो सीलला घासतो. आणि झाकण बंद करण्याआधी एकदा अर्धवट खाली आणून स्प्रिंग कुठे पत्र्याला किंवा वायरला अडत नाही ना ते पाहा. तिला बाजूने रेटा बसला तर गाइड एकाच बाजूने झिजतो.

१५. दोनपैकी एकच गेली आहे. एकच बदलली तर?

चालते, पण थोडे दिवस. नवी जास्त जोर लावते, जुनी कमी, झाकण तिरकं पिळलं जातं आणि बिजागरी एका बाजूने झिजते. शिवाय दुसरीही तितकीच जुनी आहे. जोडीनेच बदला. मुळातच एका बाजूला एकच स्प्रिंग असेल (काही बॉनेट, लहान दारं), तर दुसऱ्या बाजूला आपल्या मनाने आणखी एक जोडू नका.

१६. थंडीत डिकी खाली येते, उन्हात ठीक राहते. असं का?

वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, दर १० अंशांना सुमारे साडेतीन टक्के. २० अंशांना ४०० न्यूटन असलेली स्प्रिंग शून्य अंशाला ३७३ देते, ४० ला ४२७, उन्हात तापून ६० झालं तर ४५५. आधीच सीमेवर असलेली स्प्रिंग थंडीत कमी पडते. प्रश्न १० मधला १५-२० टक्के वाढीव भाग यासाठीच आहे. पण पूर्वी थंडीत टिकणारी डिकी आता टिकत नसेल, तर वायू घटला आहे असं समजा. साध्या स्प्रिंगचा पल्ला साधारण उणे ३० ते ८० अंश. भट्टीजवळ किंवा शीतगृहात वेगळ्या सीलची मागवावी लागते.

१७. स्प्रिंग गेली हे नक्की कसं ओळखायचं? आणि ती जाते कशाने?

झाकण हळूहळू खाली येणं, दांड्यावर तेलाचा ओलसर थर, शेवटी येणारा खाडकन आवाज, ही लक्षणं. शंका असेल तर मोजा. लहान स्प्रिंगसाठी माणसांचा वजनकाटा पुरतो. काट्यावर खळगा केलेला लाकडी ठोकळा ठेवा, दांडा त्यात उभा टेकवा, नळी सरळ धरून सावकाश दाबा. दाबताना दिसलेला आकडा जास्त येतो. सोडताना पूर्ण उघडण्याच्या जरा आधीचा आकडा ९.८१ ने गुणा आणि छापील जोराशी ताडा. घसरली तर हात किंवा दात जाईल, म्हणून ४०० न्यूटनच्या वरच्या स्प्रिंगवर हा प्रयोग नको.

बिघाडाचं मूळ जवळजवळ नेहमी सील. ते जातं दांड्यावरच्या गंजाने, धुळीने, रंगाच्या शिंतोड्याने, वेल्डिंगच्या ठिणगीने, ओरखड्याने किंवा बाजूच्या रेट्याने. म्हणून दांड्यावर ग्रीस किंवा तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस. रंगकाम करताना दांडा झाका. खाऱ्या किंवा सतत ओल्या जागी स्टेनलेस स्टीलची घ्या.

झाकण बंद होताना आपटतं ही तक्रार वेगळी. साधी स्प्रिंग मुख्यतः उघडतानाचा वेग आवरते, मिटताना फारसं नाही. मिटताना आवरणारी हवी असेल तर तशी सांगून घ्यावी किंवा वेगळा डॅम्पर लावावा.

१८. गॅस पुन्हा भरता येतो का? आणि जास्त झालेला काढता येतो का?

साध्या स्प्रिंगमध्ये पुन्हा भरता येत नाही. नळीचं तोंड कायमचं वळवून बंद केलेलं असतं. आणि ज्या सीलमधून वायू गेला ते तसंच राहिलं तर भरूनही काय उपयोग?

काढण्याची सोय असलेली स्प्रिंग मिळते. नळीच्या टोकाला लहान झडप असते. जोराचा नक्की अंदाज नसेल तर थोडी जास्त जोराची अशी स्प्रिंग घ्यायची, बसवायची, मग झडप क्षणभर उघडून थोडा वायू सोडायचा, झाकण चालवून पाहायचं, पुन्हा सोडायचा. दोन्ही बाजूंना सारखाच. स्प्रिंग झडप वर आणि दांडा खाली अशी उभी धरा, नाहीतर वायूबरोबर तेलही निघून जातं. जास्त सोडला गेला तर तो परत भरता येत नाही, म्हणून घाई नको.

१९. प्रेसच्या डायमधली नायट्रोजन स्प्रिंग तीच असते का?

तत्त्व तेच, प्रमाण वेगळं. दांडा जाड, स्ट्रोक लहान, भरण्याचा दाब साधारण १५० बारपर्यंत. २५ मिमी दांड्याचं क्षेत्रफळ ४९१ चौ. मिमी, म्हणजे १५० बारला सुमारे ७,४०० न्यूटन, पाऊण टन भार. या स्प्रिंगांची मापं आयएसओ ११९०१ या मानकात दिलेली आहेत. यांत वायू भरण्याची झडप असते, सील बदलण्याचे संच मिळतात, म्हणजे प्रश्न १८ मधला पहिला नियम इथे लागू नाही. मात्र दुरुस्तीआधी दाब पूर्ण सोडावाच लागतो आणि ते काम प्रशिक्षित माणसाचं.

२०. नवी स्प्रिंग हाताने दाबली जात नाही. अडकली आहे का?

बहुधा नाही. ६०० न्यूटनची स्प्रिंग दाबायला ६० किलोहून जास्त भार लागतो. अंगाचा सगळा भार घालूनच ती दबेल. हाताने सहज दाबली जाते ती ६०० ची नव्हेच.

२१. जुनी स्प्रिंग भंगारात टाकायची का?

झाकण पेलत नसलेल्या स्प्रिंगमध्येही बराच दाब शिल्लक असतो. करवतीने कापू नका, छिद्र पाडू नका, गॅसकटर लावू नका. नळी किंवा दांडा गोळीसारखा सुटू शकतो. जाळात टाकणं तर सर्वांत वाईट. जळत्या गाडीच्या बॉनेट-डिकीच्या स्प्रिंगा दूरवर उडतात, म्हणूनच अग्निशामक जवान अशा गाडीच्या थेट समोर किंवा मागे उभे राहणं टाळतात. दाब सोडण्याची पद्धत उत्पादक देतो. ती फक्त आडोसा, चष्मा आणि शिकवण असलेल्या जागी वापरावी. भंगारवाल्याला देताना ‘आत दाब आहे’ असं सांगून, वेगळी बांधून द्या.

२२. उंच डोंगरावर, विमानात किंवा पाण्याखाली जोर बदलतो का?

बदलतो, पण नगण्य. बाहेरची हवा दांड्याला उलट आत ढकलत असते. ८ मिमी दांड्यावर हा जोर साधारण ५ न्यूटन. पूर्ण निर्वातात गेलात तरी ४०० ची स्प्रिंग ४०५ देईल. १० मीटर पाण्याखाली ती ३९५ वर येईल. पाण्यात खरी अडचण जोराची नसते. साध्या स्प्रिंगचं सील आतला वायू बाहेर जाऊ नये म्हणून घडवलेलं असतं. बाहेरचं पाणी आणि गाळ दांड्याबरोबर आत ओढला जाऊ नये यासाठी बाहेरच्या बाजूला वेगळं पुसणारं सील असलेली स्प्रिंग लागते.